बहिष्कार सिगरेटवर नव्हता

अमेरिकेतल्या समलिंगींमध्ये धूम्रपान इतरांपेक्षा आजही जास्त आहे. कारणं शोधताना १९९० सालचा मार्लबोरोवरचा बहिष्कार आठवा. तुम्हाला वाटेल, तो तंबाखूविरुद्ध होता. नाही! फिलिप मॉरिस कंपनी जेसी हेल्म्स या सिनेटरला पैसे पुरवायची आणि हेल्म्स समलिंगींचे उघड वैरी. राग त्याचा होता. १९९१मध्ये कंपनीनं एड्ससाठीच्या देणग्या वाढवायचं कबूल केलं, बहिष्कार मिटला. रोज अंत्ययात्रा पाहणाऱ्यांनी ते पैसे नाकारायला हवे होते, असं मी तरी म्हणणार नाही. पण १९९२मध्ये त्याच कंपनीच्या सिगरेटची जाहिरात समलिंगींच्या मासिकात झळकली.

१९९५मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या दुसऱ्या कंपनीनं सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगींना आणि बेघरांना कॅमल विकायची योजना आखली. कागदोपत्री तिचं नाव ‘प्रोजेक्ट स्कम’. स्कम म्हणजे गाळ.