घाशीरामाची भिंत

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले आणि त्याच्यापुढे लगोलग एकच प्रश्न उभा केला गेला: नाना फडणवीस खरोखरच असे होते काय? पहिल्या १९ प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने आपलेच नाटक थांबवले. पुढे थिएटर अकादमीने ते पुन्हा उभे केले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी वाद पुन्हा उसळला. दुखावलेल्यांचे दुःख आम्ही खोटे मानत नाही. प्रश्न मात्र नाटकाला लागूच नव्हता.

इतिहास थोडका आहे. उत्तरेतून आलेला घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ साली त्याने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. जमावाने त्याला दगडांनी ठेचले. यावर मोरोबा कान्होबांची कादंबरी १८६३ सालीच आली होती. तेंडुलकर शोधतात ते वेगळेच: असा कोतवाल घडतो कसा? परका म्हणून, चोरीचा आळ घेऊन शहर त्याला हाकलते. तो पोटची पोर नानांना देऊन अधिकार मिळवतो. मग पुण्यात साध्यासाध्या गोष्टींना परवाना लागू लागतो. आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हाती तापलेला गोळा देण्याचा प्रसंग आजही वाचवत नाही, कारण तिथे गुन्हा आधीच ठरलेला असतो.

हे नाटक ब्राह्मणद्वेष्टे आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते: घाशीरामही ब्राह्मणच आहे. जात एक असूनही 'बाहेरचा' हा शिक्का पुरेसा ठरतो. मुंबईत १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि बाहेरच्यांचा प्रश्न रस्त्यावर आला. नाटक त्यानंतर सहा वर्षांनी रंगमंचावर आले. त्या काळच्या प्रेक्षकाला पेशवाई दूरची वाटली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

आणि ती माणसांची भिंत! पाठ फिरवली की आडोसा, तोंड वळवले की भजन. कीर्तनाच्या नावाने बावनखणीत जाणारे हेच, कोतवालाखाली भरडले जाणारे हेच आणि शेवटी त्याचे मुंडके मागणारेही हेच. नाना क्षणाचाही विलंब न लावता हुकूम लिहून देतात. ज्याने त्याला नेमले, त्याच्याकडे बोट दाखवणारा त्या जमावात एकही नसतो. घाशीराम मरतो, नाना उत्सव जाहीर करतात आणि भिंत नाचू लागते.