कुब्जा, मावशी आणि 53 अंश

रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातलं. त्यामुळे वऱ्हाडात कृष्णकथा घरचीच. मथुरेतली कुब्जा तीन ठिकाणी वाकलेली. कृष्णानं तिच्या पावलांवर पाय ठेवला, हनुवटीला दोन बोटं लावून वर उचललं, आणि ती सरळ झाली. अकोल्याच्या माझ्या मावशीला ही गोष्ट आवडायची नाही. तेराव्या वर्षी तिचा कणा एका बाजूला वाकू लागला. ‘नीट बस’ एवढाच तिच्यावर उपचार झाला.

1962 साली ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी स्टीलच्या दांड्यानं कणा ताणण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. कृष्णाचीच युक्ती! पण किती ताणायचं? जास्त ताणलं आणि मज्जारज्जू दुखावला, तर पायांतलं बळ जायचं. 1973 साली शुल्ट्झ आणि हिर्श यांनी हीच ओढाताण आधी गणितात करून पाहिली. व्हाइट आणि मनोहर पंजाबी यांच्या 1978 च्या ग्रंथानं हिशेब मांडला: बाक साधारण 53 अंशांहून मोठा असेल तर ताणणं जास्त उपयोगी, लहान असेल तर बाजूनं दाबणं.

आता रुग्णाच्या एक्स-रेवरून संगणकात त्याचाच कणा उभा करता येतो. स्क्रू कुठे, दांडा किती वाकवायचा, हे शस्त्रक्रियेआधी तपासता येतं.

पण संगणकाला आधी कोन लागतो. मावशीचा कोन कुणी मोजलाच नाही. सगळ्यांनी मोजली ती फक्त तिची बसण्याची पद्धत.