जपानी शिकायचीय, पण बोलायचं कोणाशी?

आजचा विषय तुम्हीच दिलाय. दहावी-बारावीतल्या श्रोत्यांचे जे मेसेज येतात, त्यांत एक प्रश्न सारखा असतो. मोबाइलवर कोर्स करून जर्मन, जपानी, फ्रेंच अशी एखादी भाषा खरंच येते का? की नुसतं सर्टिफिकेट येतं?

आता मी काही भाषेचा शिक्षक नाही. नंदुरबारचा मुलगा, बी.टेक. केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये लागलो. त्यामुळे मी या प्रश्नाकडे सिस्टिम म्हणून बघितलं. माहिती इकडून तिकडे जाते कशी, आणि तिकडून परत येते का? आणि जुनी सिस्टिम समजून घ्यायची तर तिचा इतिहास वाचावा लागतो. दुरून भाषा शिकणं हे इंटरनेटने आणलेलं नाही, ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

टपालातून शिकवणी

१८४० साली इंग्लंडमध्ये एक पेनीत देशभर कुठेही पत्र जायला लागलं. त्याच वर्षी आयझॅक पिटमन नावाच्या माणसाने टपालाने लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड, शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लिहून पाठवायचा, पिटमनकडून तो तपासून परत यायचा. ही काही भाषा नव्हे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: पत्र दोन्ही बाजूंनी जात होतं. उत्तराला दिवस लागायचे, पण उत्तर यायचं.

भाषेचा नंबर लागला १८५६ मध्ये, बर्लिनमध्ये. शार्ल तुसाँ आणि गुस्ताव लांगेनशाइट या दोघांनी जर्मन लोकांसाठी पत्रांतून फ्रेंच शिकवायला घेतलं. अडचण उघड होती. कागद बोलत नाही, मग उच्चार कसा कळणार? त्यांनी उच्चार दाखवायला खास खुणा तयार केल्या. आज जर्मन शिकणाऱ्यांकडे ज्या पिवळ्या डिक्शनऱ्या दिसतात ना, त्यांच्यावरचं नाव याच लांगेनशाइटचं.

मग आवाज आला. १९०१ साली लंडनमध्ये लिंग्वाफोन सुरू झालं. आधी मेणाचे सिलिंडर, पुढे तबकड्या. आता खरा फ्रेंच माणूस तुमच्या खोलीत बोलू लागला. पण तबकडीला तुमचं ऐकू येत नाही. तुम्ही चुकीचं म्हटलंत तरी ती पुढचं वाक्य म्हणणारच.

रेडिओ, विमान, उपग्रह

१९४३ मध्ये बीबीसीने 'इंग्लिश बाय रेडिओ' सुरू केलं. धडा एकदम लाखो घरांत. अमेरिकेने तर १९६१ पासून शाळांसाठी विमान उडवलं. खरंच सांगतोय. इंडियानावर डीसी-६ जातीचं विमान घिरट्या घालायचं आणि त्यातून टीव्हीचे धडे आजूबाजूच्या सहा राज्यांतल्या शाळांमध्ये दिसायचे. त्यात स्पॅनिशचेही धडे होते. कारण साधं होतं. छोट्या गावातल्या शाळांना स्पॅनिशचा मास्तर मिळत नव्हता.

आपल्याकडे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांमध्ये टीव्ही पोचला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. १९८४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली आणि दूरदर्शनवर यूजीसीचे कॉलेजसाठीचे कार्यक्रम सुरू झाले. हे दुसरे कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत. म्हणजे ज्याला आधीच इंग्रजी येतं, त्यालाच ते कळणार.

या सगळ्या साखळीत मला एक गंमत दिसते. दर वेळी जाणारा रस्ता रुंद झाला. पत्राच्या जागी रेडिओ, रेडिओच्या जागी उपग्रह. पण परतीचा रस्ता बंदच झाला. पिटमनचा विद्यार्थी निदान काहीतरी लिहून पाठवत होता. उपग्रहासमोर बसलेला माणूस फक्त बघत होता.

भाषेच्या बाबतीत हे फार महाग पडतं. इतिहास ऐकून समजतो. भाषा मात्र बोलून, चुकून, कुणीतरी दुरुस्त करून येते. आमच्या जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन घ्या. त्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. तिथे हिंदी, मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांत घोषणा होतात. नुसत्या घोषणा ऐकून कुणाला चार भाषा आल्यात का? नाही. पण तिथे चहा विकायचा असेल तर दोन-तीन भाषा येतातच, कारण गिऱ्हाईक समोरून उत्तर देतं.

रेडिओने थांबायला शिकलं तेव्हा

यावर एक सुंदर तोडगा निघाला, आणि तो गरीब देशांत निघाला. १९७० च्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवताना निवेदक प्रश्न विचारून मुद्दाम थांबायला लागला. त्या रिकाम्या सेकंदांत वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, मग बरोबर उत्तर ऐकू यायचं. १९८० च्या दशकात केनियात हीच पद्धत इंग्रजी शिकवायला वापरली.

आपल्याकडेही ती आली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी 'वी लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम बनवला आणि तो आकाशवाणीवरून लागायचा. सूचना मराठीत, सराव इंग्रजीत आणि मधे थांबे. महाराष्ट्राने २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू केलं होतं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. इंग्रजी न बोलणाऱ्या बाईंना एकदम इंग्रजी शिकवायचं होतं, तेव्हा असा आवाज वर्गात असणं ही मोठी मदत होती.

बघा, रेडिओला अजूनही ऐकू येत नव्हतं. पण त्याने थांबून वर्गाला एकमेकांचं ऐकायला लावलं. परतीचा रस्ता यंत्रात नव्हता, तो वर्गात तयार झाला.

गाडीवाटची पोरं

आता आपल्याच राज्यातली गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादपासून, आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून, साधारण २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची तर कोणती? बहुतेकांनी जपानी सांगितली. का? तर रोबोट बनवायचेत.

शिक्षकांना जपानी येत नव्हती. पुस्तक नव्हतं. सुरुवातीला व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप एवढ्यावर गाडी चालली. ही बातमी कळल्यावर शहरातले एक भाषातज्ज्ञ पुढे आले आणि जुलै २०२० पासून ते मुलांना फुकट ऑनलाइन शिकवायला लागले. लॉकडाऊन, शाळा बंद, आणि सगळ्या घरांत स्मार्टफोन नाही. मग शाळेने 'विषयमित्र' केले. ज्याच्याकडे फोन आहे त्याने धडा ऐकायचा आणि गल्लीतल्या बाकीच्यांना शिकवायचा.

बातम्यांमध्ये कौतुक झालं ते 'खेड्यात जपानी' याचं. मला मात्र विषयमित्र जास्त महत्त्वाचा वाटतो. जे दुसऱ्याला शिकवायचंय ते तोंडाने म्हणावंच लागतं. आणि जो ऐकतोय त्याला विचारता येतं, 'परत सांग ना'.

आता आपलं नंदुरबार

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यात आदिवासी समाज ६९ टक्क्यांहून जास्त. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सगळ्यात कमी. हा आकडा सगळे सांगतात. दुसरी बाजू कोणी सांगत नाही. इथे भिली, पावरी, मावची, देहवाली, गुजरी, अहिराणी बोलली जाते. घरी 'शे' म्हणणारं पोर शाळेत 'आहे' म्हणायला शिकतं. धडगावच्या डोंगरातलं पावरी बोलणारं मूल मराठी शिकतं, हिंदी शिकतं, मग इंग्रजी. जपानीपर्यंत पोचेस्तोवर ती त्याची पाचवी भाषा होते. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या किती मुलांना चार भाषा येतात?

म्हणजे भाषा शिकण्याचा अनुभव आपल्याकडे आहे. अडतं ते कोर्स कोणत्या भाषेतून समजावतो तिथे. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे ओळखलं होतं. मुलाच्या भिली-पावरीतून सुरुवात करायची आणि मग मराठीकडे न्यायचं. ऑनलाइन कोर्स बहुतेक वेळा उलटं करतो. न कळणारी जपानी तो अर्धवट कळणाऱ्या इंग्रजीतून सांगतो.

यात एक नुकसान आहे जे लक्षातच येत नाही. जपानीत 'मी पाणी पितो' म्हणायचं तर 'वाताशी वा मिझु ओ नोमिमास'. आधी मी, मग पाणी, शेवटी पितो. क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून, तेही आपल्यासारखं. इंग्रजीतून शिकवणारा कोर्स हे 'अवघड, उलटं वाक्य' म्हणून समजावतो. आपल्या पोराला ते सरळच असतं! तीच गोष्ट अक्षरांची. जपानी अक्षरमालेत स्वर आधी, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतंय ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम तिकडे गेला. आपल्या बाराखडीचा तो लांबचा नातेवाईकच म्हणा.

'जागतिक भाषा' म्हणजे कोणती?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये फ्रेंच, स्पॅनिश, चिनी या विषयांना आता बऱ्याच ठिकाणी 'परदेशी भाषा' न म्हणता 'वर्ल्ड लँग्वेज' म्हणतात. फ्लोरिडाने १९९७ मध्येच सरकारी ऑनलाइन शाळा काढली. आणि गंमत ऐका. तिकडे दोन भाषा येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना सरकारी मोहोर देण्याची पद्धत आहे, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये तसा कायदा केला. त्यासाठी ज्या भाषांच्या चाचण्या वापरतात त्यांत मराठीही आहे. म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी घरातल्या मुलीला मराठी ही 'जागतिक भाषा' म्हणून दाखवता येते. ती रविवारच्या मराठी शाळेत शिकते, व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलते. आजी हाच तिचा परतीचा रस्ता.

मग कोर्स करायचा की नाही?

करायचा. पण काय विकत घेताय ते बघून. जपानीची जेएलपीटी ही जगभर मानली जाणारी परीक्षा आहे. एन५ ते एन१ अशा पाच पायऱ्या. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं सगळं तपासतात, पण बोलण्याची परीक्षाच नाही. तोंड न उघडता पास होता येतं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन परीक्षेत मात्र पहिल्या पायरीपासून बोलावं लागतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन क्लासच्या जाहिराती तालुक्याच्या गावी दिसल्या तर नवल नाही. पण तिकडे दवाखान्यात काम करायचं तर पेशंटशी बोलावं लागणार. सर्टिफिकेट त्याच्याशी बोलणार नाही.

म्हणून फी भरायच्या आधी तीन प्रश्न विचारा. आठवड्यात माझं बोलणं कोण, किती मिनिटं ऐकणार? चूक झाली तर दुरुस्त कोण करणार? आणि समजावणार कोणत्या भाषेत? पहिल्या दोन प्रश्नांना धड उत्तर नसेल तर तुम्ही १९०१ ची तबकडी विकत घेताय, फक्त ती मोबाइलवर वाजते. तसं असेल तर पैसे वाचवा. जपानच्या एनएचकेचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत, फुकट आहेत.

आणि सोबतीला कोणीतरी घ्या. वर्गातली मैत्रीण, वसतिगृहातला रूममेट, धाकटा भाऊ. त्यालाही येत नसेल तरी चालेल. रोज दहा मिनिटं त्याला शिकवा, त्याला प्रश्न विचारू द्या. गाडीवाटच्या पोरांकडे एका गल्लीत एक फोन होता, तरी त्यांचं काम चाललं.

आजच्या भागापुरतं एवढंच. तुमच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत असं कोणी एकत्र बसून भाषा शिकत असेल तर जरूर कळवा, कोणती भाषा आणि कोण ऐकून घेतं तेही सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.