ई-स्कूटर एका चार्जिंगमध्ये किती पळणार? रेंज वाढवण्याची आणि बॅटरी टिकवण्याची संपूर्ण माहिती

गावाकडे ई-स्कूटर आता नवलाईची राहिलेली नाही. दूध डेअरीसमोर, शाळेच्या आवारात, तहसील कार्यालयाच्या पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या सहज दिसतात. पेट्रोलचा खर्च वाचतो, हे खरं. पण शहरात चार्जिंग संपलं तर रिक्षा मिळते. गावच्या रस्त्यावर मुक्कामाची एसटी निघून गेल्यावर चार्जिंग संपलं, तर शंभर किलोच्या वरची गाडी अंधारात ढकलत न्यावी लागते. शिवाय बॅटरी हा या गाडीतला सगळ्यात महाग भाग. ती वेळेआधी खराब झाली, तर पेट्रोलचे वाचलेले पैसे एका झटक्यात जातात.

त्यामुळे ई-स्कूटर वापरणाऱ्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. आपल्या रस्त्यावर गाडी खरोखर किती पळते, आणि घरच्या चार्जिंगमध्ये बॅटरी कशामुळे खराब होते.

कंपनीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

जाहिरातीत लिहिलेली रेंज बहुतेक वेळा प्रमाणित रेंज असते. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत ठरावीक वेगाने, ठरावीक वजन ठेवून, रोलरवर गाडी चालवून हा आकडा काढतात. तिथे खड्डे नसतात, समोरून वारा नसतो आणि मागे खताचं पोतंही नसतं. त्यामुळे रस्त्यावर रेंज कमी मिळते. चौथा हिस्सा कमी मिळाली, तरी लगेच गाडीत बिघाड आहे असं समजू नये.

साधा हिशोब असा. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर. बॅटरी ३ किलोवॅट-अवरची असेल, तर तिच्यात ३ युनिट वीज मावते. सध्याच्या स्कूटर साधारण एका युनिटमध्ये ३० ते ४० किलोमीटर जातात. म्हणजे ३ युनिटच्या बॅटरीवर ९० ते १२० किलोमीटर. वेग, वजन आणि चढ वाढला की आकडा ९० च्याही खाली येतो.

आपल्या गाडीची खरी रेंज अशी काढा

बॅटरी ८० टक्के असताना किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वजनासह गाडी वापरावी. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की पुन्हा आकडा बघावा. मधले किलोमीटर दुप्पट केले की आपली खरी रेंज मिळते. ५० टक्क्यांत ४२ किलोमीटर झाले, तर पूर्ण रेंज ८४. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असं वर्षातून तीनदा हे मोजलं, तर बॅटरी दरवर्षी किती उतरत चालली आहे तेही कळतं.

बाहेर पडताना या रेंजचा पाव भाग कायम शिल्लक धरावा. ८४ ची रेंज असेल, तर जाऊन-येऊन ६० ते ६३ किलोमीटरच्या वर बेत आखू नये. वाटेत रस्ता बंद निघाला, कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर हीच शिल्लक कामाला येते.

रेंज कुठे जाते?

वेग: सपाट रस्त्यावर सगळ्यात जास्त चार्जिंग वेग खातो. वेग दीडपट झाला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. म्हणून ताशी ६० ऐवजी ४० ते ४५ च्या वेगाने गेल्यास त्याच चार्जिंगमध्ये गाडी बरीच पुढे जाते. रोजच्या कामाला इको मोड पुरेसा आहे. ओव्हरटेक किंवा चढापुरताच वरचा मोड घ्यावा.

वजन आणि चढ: सपाटीवर एकसारख्या वेगात वजनाचा फरक फार जाणवत नाही. चढावर आणि थांबत-थांबत जाताना तो लगेच जाणवतो. गाडी आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरले, तर ५०० मीटर उंचीचा घाट चढायला साधारण ०.४ युनिट जादा लागतं. म्हणजे सपाटीवरचे १२ ते १३ किलोमीटर नुसत्या चढात गेले. आंबोली, कुंभार्ली, वरंधा अशा घाटांतून जाणाऱ्यांनी हे अंतर आधीच हिशोबात धरावं. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन लादू नये. दुधाच्या ४० लिटरच्या कॅनचंच वजन ४० किलोच्या वर भरतं.

टायरची हवा: दर पंधरा दिवसांनी हवा तपासावी. किती हवा हवी ते पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा कमी असली की गाडी जड चालते. गाडी बंद करून मेन स्टँडवर लावावी आणि पुढचं चाक हाताने फिरवून बघावं. चाक अडखळत असेल, तर ब्रेक चिकटतोय.

अॅक्सिलरेटर: झटक्यात पिळला की मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरी तापते. पुढे गतिरोधक किंवा गुरं दिसली की आधीच हात सैल सोडावा. बहुतेक गाड्यांत हात सोडल्यावर मोटर उलटी वीज तयार करून थोडी बॅटरीत परत टाकते. यालाच रिजनरेशन म्हणतात.

उतारावर गाडी बंद करून सोडण्याची सवय अनेकांना पेट्रोलच्या गाडीपासून लागलेली असते. ई-स्कूटरमध्ये तिचा उलट तोटा आहे. गाडी बंद केली की रिजनरेशन थांबतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाट उतरताना गाडी चालूच ठेवावी. घर घाटमाथ्यावर असेल, तर सकाळी निघताना बॅटरी १०० टक्के भरलेली नसावी. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही, त्यामुळे रिजनरेशन कमी होतं किंवा बंदच राहतं.

बॅटरी रोज किती भरावी?

ई-स्कूटरमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या येतात. एनएमसी बॅटरी वजनाला हलकी असते आणि कमी जागेत जास्त वीज साठवते. एलएफपी थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जिंगच्या जास्त फेऱ्या टिकते. आपल्या गाडीत कोणती आहे, ते पुस्तिकेत बघावं किंवा शोरूममध्ये विचारावं.

एनएमसी असेल, तर रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवणं चांगलं. लांब जायचं असेल त्या दिवशीच निघण्याआधी १०० टक्के भरावी. एलएफपी बॅटरी मात्र कंपनीने सांगितल्याप्रमाणे अधूनमधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा चुकायला लागतो. दोन्ही प्रकारांत बॅटरी शून्यावर नेऊन तशीच दोन-चार दिवस ठेवणं सगळ्यात वाईट.

ऊसतोडीला किंवा कामासाठी काही महिने बाहेरगावी जाणाऱ्यांनी गाडी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून सावलीत लावावी. गाडी बंद असली तरी बॅटरी हळूहळू उतरत राहते. म्हणून घरातल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा टक्के बघायला सांगावं आणि ३० च्या खाली गेले तर पुन्हा ५०-६० पर्यंत भरून घ्यावं.

उन्हाळ्यात जास्त जपा

विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. उष्णता ही लिथियम बॅटरीची मोठी शत्रू. गाडी पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत लावावी. उन्हातून आल्याआल्या चार्जर जोडू नये. अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्यावी.

दुपारपेक्षा रात्री किंवा पहाटे चार्जिंग करणं चांगलं. दिवसाला ४० किलोमीटर फिरणं होत असेल, तर साधारण सव्वा युनिट भरावं लागतं. ७५० वॅटच्या चार्जरने हे काम दोन तासांच्या आसपास होतं. म्हणजे रात्री आठला लावलं, की झोपायच्या वेळेपर्यंत प्लग काढता येतो. सगळे झोपलेले असताना रात्रभर चार्जिंग चालू ठेवायची गरज पडत नाही.

वायरिंग आणि व्होल्टेज: इथे चूक नको

चार्जर कंपनीचाच वापरावा आणि कंपनीने सांगितलेल्या क्षमतेच्या सॉकेटवरच लावावा. त्या सॉकेटला अर्थिंग असलंच पाहिजे. मोबाईलसाठी आणलेल्या बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावली, तर वायर तापून वितळू शकते. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लग पाहावा. तो चटका बसण्याइतका गरम लागला, तर लगेच बंद करून वायरमनला दाखवावं.

किती व्होल्टेजमध्ये चालेल, ते चार्जरवरच लिहिलेलं असतं. संध्याकाळी सगळ्या गावाचा लोड येतो तेव्हा व्होल्टेज त्याच्या खाली जात असेल, तर उशिरा चार्जिंग करावं. लाईट गेली की चार्जरचं बटन बंद करावं. लाईट परत आल्यावर पाच-दहा मिनिटं व्होल्टेज स्थिर होऊ द्यावं आणि मगच चालू करावं.

शेतातल्या मोटरच्या पेटीवरून गाडी चार्ज करण्याचा प्रकार धोक्याचा आहे. तिथे थ्री फेज असतो. चुकून दोन फेजमध्ये वायर जोडली, तर २३० ऐवजी ४०० च्या वर व्होल्टेज येतं आणि चार्जर जळतो. एक फेज घेऊन दुसरी वायर जमिनीत खोचण्याचा जुगाड तर जीवावर बेतू शकतो. शिवाय शेतीपंपाची जोडणी दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्यावर दंडाची आकारणी होते.

बिलात किती वाढ होईल?

दिवसाला ४० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर चार्जिंगमधली गळती मिळून साधारण ३५ युनिट लागतात. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि त्यापुढच्या युनिटचा दर जास्त असतो. घरचा वापर ८० युनिट असेल, तर गाडीमुळे तो ११५ होईल आणि वरची १५ युनिट महागड्या दराने लागतील. पेट्रोलशी तुलना करताना हा वरचा दर धरून हिशोब करावा.

पावसाळ्यात

बॅटरीवर आयपी-६७ लिहिलेलं असलं, तर ती एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल अशी चाचणी झालेली असते. पण ही चाचणी नव्या बॅटरीची असते आणि स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होते. पूर आलेल्या ओढ्यातून गाडी घालायला ही परवानगी नव्हे. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर चालू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. आधी सर्व्हिस सेंटरला दाखवावी. चार्जिंगची जागा ओली असेल, तर कोरड्या कपड्याने पुसून मगच प्लग लावावा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी मोटर आणि चार्जिंग पोर्टवर मारू देऊ नये.

आगीचा धोका आणि स्वस्तातली बॅटरी

२०२२ मध्ये पुणे आणि नाशिकसह देशात काही ठिकाणी ई-स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ या मानकातले बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी गाडी घेताना ती कधी तयार झाली, हे म्हणूनच बघावं. बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, तेही लेखी विचारावं आणि वर सांगितल्याप्रमाणे रेंज मोजूनच भाव ठरवावा.

बाजारात जुने सेल जोडून बनवलेल्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात. सेलचं तापमान आणि व्होल्टेज सांभाळणारी बीएमएस नावाची यंत्रणा त्यांत नीट नसेल, तर त्या पेटण्याचा धोका असतो. वेग वाढवण्यासाठी वायरिंगमध्ये फेरफार करणंही तितकंच धोक्याचं. ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतल्या गाड्यांनाच नोंदणी आणि लायसन्समधून सूट आहे. वेग वाढवला की ती सूट राहत नाही. अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

चार्जिंगची जागा कडब्याची गंज, सरपण, रॉकेल आणि झोपायच्या खोलीपासून लांब असावी. घरातून बाहेर पडायच्या एकमेव दारात गाडी चार्जिंगला लावू नये. बॅटरी फुगली, तिचा उग्र वास आला, फुसफुस आवाज किंवा धूर आला, तर गाडीजवळ न जाता घराचा मेन स्विच बंद करावा, सगळ्यांना बाहेर काढावं आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. हा धूर विषारी असतो. गाडी वाचवायला आत जाऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवा

– आपली खरी रेंज मोजा आणि पाव भाग शिल्लक ठेवा.
– वेग ४० ते ४५, हवा दर पंधरा दिवसांनी.
– एनएमसी बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंत. एलएफपी असेल तर कंपनी सांगेल तशी.
– गाडी थंड झाल्यावर चार्जिंग, झोपण्याआधी प्लग बाहेर.
– अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर, बारीक वायरच्या बोर्डवर आणि शेतातल्या पेटीवर चार्जिंग नको.
– उतारावर गाडी बंद करू नका.
– महिनाभर उभी ठेवायची असेल, तर ५० ते ६० टक्के चार्ज ठेवून सावलीत लावा.