भिंती आल्या, दिवा राहिला

आजचं बोलणं एका साध्या प्रश्नापासून सुरू करते. रात्री जेवताना तुम्ही पोटभर पाणी पिता का? की पेला अर्धाच ठेवता, पुन्हा रात्री उठावं लागेल म्हणून? प्रश्न ऐकून कुणी हसेल, कुणी शेजारणीकडे बघेल. पण आपल्या आज्यांनी, आयांनी आणि आपल्यातल्याही कित्येकींनी हा हिशेब जन्मभर केला आहे. या हिशेबालाही इतिहास आहे. राजा-महाराजांच्या पुस्तकात तो सापडत नाही, म्हणून आज इथं सांगते.

आपल्याकडे 'संडासला जाते' असं बाई कधी उघड म्हणत नसे. 'परसाकडे जाऊन येते', 'बाहेरला जाऊन येते' असं म्हणायची. आणि जायच्या वेळा दोनच. पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर. मधल्या वेळी पोटात कितीही कळ आली तरी दाबून धरायची. पुरुषाला दिवसाही ओढ्याकडे जाता येई. बाईला मात्र अंधार लागायचा, कारण तिला दुसरा आडोसाच नव्हता. अंधार हीच तिची भिंत.

आता यातला पेच बघा. ज्या अंधारानं ती झाकली जायची, त्याच अंधाराची तिला भीतीही असायची. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. काटा, काच, चिखल, खड्डा. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. शिवाय माणसांची भीती वेगळीच. बरं, हातात दिवा घेऊन जावं तर दिवा दुरूनच सांगणार, की बाई इकडे आहे. म्हणून पाणंदीपर्यंत कंदील न्यायचा आणि पुढे वात बारीक करायची. रस्त्यावर कुणाची चाहूल लागली, गाडीचा उजेड पडला, की बसलेल्या बाया दचकून उभ्या राहायच्या. दिवा असला तरी अडचण, नसला तरी अडचण. हा पेच लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

आधी दिव्याची गोष्ट. रॉकेल येण्याआधी आपल्याकडे दिवे जळायचे ते करंजाच्या किंवा एरंडाच्या तेलावर. कोकणात वाट काढायला नारळाच्या झावळीची चूड पेटवून नेत. ती वाऱ्यावर फरफर जळायची आणि हाताला चटके द्यायची. पणती बाहेर न्यावी तर वाऱ्याची एक झुळूक पुरे.

मग आलं रॉकेल. 1853 साली लुकासिएविच नावाच्या एका पोलिश औषधवाल्यानं आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव गावात रॉकेलचा दिवा तयार केला. त्याच वर्षी 31 जुलैला तिथल्या दवाखान्यात त्या दिव्यांच्या उजेडात रात्रीचं ऑपरेशन झालं. पुढे रॉकेल जगभर गेलं आणि आपल्या खेड्यांतही पोचलं. गरिबाच्या घरी चिमणी, जरा बऱ्या घरी कंदील. कंदिलाची काच वाऱ्याला अडवायची, म्हणून तो घराबाहेर नेता यायचा. आपल्या कराडजवळच्या ओगलेवाडीला काचेचा कारखाना निघाला आणि तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर तो अजून पडलेला असेल.

विजेरीचं पेटंट अमेरिकेत 1899 साली मिळालं. आपण तिला बॅटरी म्हणतो. कंदिलापेक्षा तिची एक सोय मोठी होती. बटण दाबलं की उजेड आणि सोडलं की अंधार. पण घरात बॅटरी एकच असायची, आणि ती बहुतेक घरांत रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या गड्याबरोबर जायची. सेलही जपून वापरावे लागत. बाईच्या वाट्याला चिमणीच राहायची.

आता भिंतींची गोष्ट. महाराष्ट्रात या कामाला हात घालणारी मोठी माणसं होऊन गेली. गाडगेबाबांनी खराट्यानं गावं झाडली आणि कीर्तनातून स्वच्छता शिकवली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली तुरुंगात मैला सफाईचं काम स्वतःला करू द्यावं म्हणून उपोषण केलं. पुढे 1948 मध्ये कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथं त्यांनी खेड्याला परवडेल आणि मैल्याचं खत होईल असा संडास लोकांपुढे ठेवला. 'गोपुरी संडास' हे नाव तिथूनच आलं. देहू गावात डॉ. मापुसकर 1960 च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून आले. संडासाच्या मैल्यापासून चुलीचा गॅस करता येतो हे त्यांनी करून दाखवलं आणि या कामाला आयुष्य दिलं. त्यांच्या पश्चात 2017 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मग सरकारी मोहिमा आल्या. 1986 मध्ये केंद्राचा ग्रामीण स्वच्छतेचा कार्यक्रम. 2000-01 पासून आपल्या राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार. आणि 2 ऑक्टोबर 2014 पासून स्वच्छ भारत, ज्यात घरटी 12,000 रुपयांचं अनुदान होतं. गावोगावी संडास उभे राहिले. हे लहान काम नव्हे. बाईला पहिल्यांदा अंधाराशिवाय दुसरा आडोसा मिळाला. दिवसाढवळ्या जाता येऊ लागलं.

पण मैत्रिणींनो, रात्रीचं काय झालं? भिंती आल्या आणि दिवा राहिला. उद्दिष्ट होतं संडासाचं. खड्डा, भांडं, भिंत, पत्रा, दार झालं की संडास पूर्ण. वायर घरातून परसापर्यंत ओढायची कुणी? जागा बहुतेक घराच्या मागं, गोठ्याच्या पलीकडं. कुठं वायर ओढली तर लोडशेडिंगच्या वर्षांत वीज नसायची. कुठं बल्ब लावला, तर बटण घरात आणि संडास बाहेर. एकजण आत असताना दुसऱ्यानं बटण बंद केलं, हे तर प्रत्येक घरात घडलेलं आहे. दिवा रात्रभर चालू ठेवावा तर बिलाची बोलणी. म्हणून कित्येकजणी आज दाराच्या आतही अंधारातच बसतात. मोबाइल तोंडात धरतात, कोनाड्यात ठेवतात, आणि तो भांड्यात पडतो.

सगळ्यात हाल म्हाताऱ्या बायांचे, गरोदर बायांचे आणि पाळी आलेल्या मुलींचे. ओल्या फरशीवर पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडतं आणि म्हातारी पुन्हा उठत नाही. आणि ज्या बाया भीतीनं पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात, त्यांना लघवीची जळजळ आणि जंतूंचा त्रास होण्याचा धोका वाढतो. भिंत बांधून अर्धा पेच सुटला. उरलेला अर्धा दिव्याचा आहे.

आता बाजारात एक छोटा दिवा मिळतो. माणूस आत आलं की आपोआप लागतो आणि माणूस गेलं की थोड्या वेळानं विझतो. त्याला मोशन सेन्सरचा दिवा म्हणतात. शहरातल्या जिन्यांत तो तुम्ही पाहिला असेल. हा दिवा काही एका दिवसात तयार झालेला नाही. त्याचीही गोष्ट ऐका, त्यात एक बाई आहे.

इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल नावाचा तारे बघणारा विद्वान होता. त्याची बहीण कॅरोलिन त्याच्याबरोबर रात्र रात्र जागायची. तो दुर्बिणीतून बघून ओरडून सांगायचा आणि ती दिव्याशी बसून लिहून घ्यायची. 1783 च्या 31 डिसेंबरला, बर्फ पडलेल्या रात्री, अंधारात धावताना ती पडली आणि दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. मांसाचा लचका निघाला. बरी झाल्यावर ती पुन्हा कामाला लागली. पुढे तिनं स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि 1787 पासून राजाकडून तिला या कामाचा वर्षाला 50 पौंड पगार मिळू लागला. अंधारात पडण्याची किंमत काय असते, हे त्या बाईला ठाऊक होतं.

तिच्या भावानं 1800 साली एक प्रयोग केला. लोलकातून ऊन पाडून त्याचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा जास्त चढला. म्हणजे न दिसणारे उष्णतेचे किरण असतात. आपलं अंगही असे किरण सतत सोडत असतं, दिवसा आणि रात्रीही.

त्याच्याही आधी, 1700 च्या सुमारास, श्रीलंकेहून डच व्यापाऱ्यांनी तुरमली नावाचे खडे युरोपात नेले होते. ते तापवले की राख ओढून घ्यायचे. गरम झालं की त्या खड्यावर विजेचा भार येतो म्हणून ते होई. सेन्सरच्या दिव्यात याच गुणाचा एक बारीकसा तुकडा बसवलेला असतो. तुम्ही आत पाऊल टाकलं की तुमच्या अंगाची उष्णता त्याच्यावर पडते, त्याला हलकासा विजेचा झटका जाणवतो आणि दिवा लागतो. वर जी दुधी, रेघारेघांची टोपी असते, तीही जुनी आहे. फ्रान्सच्या फ्रेनेलनं दीपगृहासाठी तशी भिंगं बनवली होती आणि 1823 साली ती एका दीपगृहावर बसवली. समुद्रात होड्यांना वाट दाखवणाऱ्या भिंगाची ही धाकटी नात आपल्या संडासात येऊन बसली आहे. 1970 च्या दशकात असे सेन्सर चोर पकडण्याच्या घंट्यांमध्ये आले. मग पांढरे एलईडी दिवे स्वस्त झाले आणि अगदी थोड्या विजेवर हा दिवा चालू लागला.

आता पहिला पेच आठवा. दिवा लावला तर बाई दिसते, नाही लावला तर पाय दिसत नाही. भिंतीच्या आत आपोआप लागणारा दिवा दोन्ही सोडवतो. बटण शोधावं लागत नाही, हात ओले असले तरी चालतं, आणि दुसरं कुणी बंद करू शकत नाही.

पण घेण्याआधी चार गोष्टी तपासा. एक, बसल्यावर आपण हालचाल करत नाही, म्हणून काही दिवे मधेच विझतात. दोन-तीन मिनिटं तरी चालेल असा घ्या, आणि विझलाच तर हात हलवा. दोन, तो अशा बाजूला लावा की आपण त्याच्यासमोरून आडवे जाऊ. समोरून सरळ चालत आलेलं माणूस तो उशिरा ओळखतो. तीन, एप्रिल-मे महिन्यात पत्र्याची खोली आपल्या अंगाइतकी तापते, तेव्हा त्याला फरक कळत नाही. तेव्हा जुना बल्ब काढून टाकू नका. चार, वायर नसेल तर मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा मिळतो. वायर ओढायची असेल तर ओल्या जागेचं काम वायरमनकडूनच करून घ्या.

आणखी एक, कारण मुली विचारतात. नुसता सेन्सर असलेल्या दिव्यात कॅमेरा नसतो. त्याला तुमचा चेहरा कळत नाही, बाई की पुरुष तेही कळत नाही. उष्णता हलली एवढंच कळतं. तरी सार्वजनिक संडासात बसवताना तो कुणी आणला, कुणी बसवला हे गटानं स्वतः पाहावं.

ही गोष्ट घरापुरती ठेवू नका. शाळा, अंगणवाडी, बाजारतळ, बसथांबा इथल्या संडासांची यादी करा. आत दिवा आहे का, तिथपर्यंतच्या वाटेवर आहे का, एवढ्या दोनच रकाने पाडा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असा आपल्याकडे कायदा आहे. त्या सभेत ही यादी वाचा आणि ठरावात लिहून घ्या, की दिवा नसलेला संडास आम्ही पूर्ण धरत नाही.

आणि पुढच्या महिन्यात गटात एकमेकींना विचारा, रात्री पाणी पोटभर प्यालीस का? सगळ्याजणी 'हो' म्हणाल्या, तर समजा काम झालं.