कीर्तन आणि धर्मशाळा यांच्या मधली जागा

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेले उचगाव हे आता गाव कमी आणि उपनगर अधिक झाले आहे. दक्षिणेला गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, शेजारी गांधीनगरची बाजारपेठ आणि त्याला लागून वळिवडे. या परिसराला बेघरांच्या निवाऱ्याचा मोठा इतिहास आहे, याचे आम्हांला नेहमी कुतूहल वाटत आले. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता आणि चर्चही होते. ते गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे तेथे आली आणि गांधीनगर उभे राहिले. पुढे २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठची माणसे शाळांत नि मंगल कार्यालयांत उतरली, तेव्हाही दार उघडताना कोणी कोणाला विचारले नाही, की तुमचे घर कोणाच्या चुकीने गेले.

हा प्रश्न एकाच प्रकारच्या बेघराला विचारला जातो. ज्याचे घर दारूत गेले, त्याला. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोला आणि मुलांनाही तो विचारला जातो, आणि त्यांच्याकडे तर उत्तरही नसते. ऊसतोडीच्या हंगामात आणि एरवीही महामार्गाच्या कडेला पाले दिसतात. त्या प्रत्येक पालामागे दारूच असते असे मुळीच नाही; बहुतेकांना तेथवर आणते ते दारिद्र्य आणि दुष्काळ. पण ज्यांना दारूनेच आणले, त्यांच्यासाठी आपल्या समाजाने कोणते छप्पर तयार ठेवले, हा प्रश्न आम्हांला इतिहासाकडे घेऊन गेला. प्रस्तुत टिपण त्या शोधाचे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाचे प्रवेशद्वार परिचयाचे आहे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. वर्गात आपण सुधाकराच्या अधःपाताची मीमांसा करतो, तळीरामाचा विनोद उलगडतो, सिंधूच्या पातिव्रत्यावर वाद घालतो. परंतु सिंधूला उपलब्ध असलेल्या जागांचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. तिच्यापुढे दोनच घरे आहेत : श्रीमंत माहेर आणि उद्ध्वस्त सासर. माहेरी जावे तर नवऱ्याला सोडल्यासारखे, सासरी राहावे तर जात्यावर दळण दळून लेकराला जगवणे आणि शेवटी त्याच छपराखाली मरणे. सुधाकरालाही तसेच. त्याला दारू सोडावीशी वाटते तेव्हा तो जेथे उभा असतो, ती जागा दारूने आधीच व्यापलेली असते. ज्या तिसऱ्या जागी ही दोघे मुलासह काही महिने सुरक्षित राहू शकली असती, ती जागा नाटकात नाही. कारण ती समाजातही नव्हती. या शोकांतिकेला स्वभावदोषाइतकेच हे अभावाचे कारण आहे, असे आमचे मत आहे.

ज्या माणसाने ही तिसरी जागा लहानपणीच गमावली होती, तो याच काळात महाराष्ट्रात खराटा घेऊन हिंडत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. येथे एक तपशील विसरता कामा नये. प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारख्या चरित्रकारांनी दाखवून दिले आहे, की या घरात दारू आली ती देवकार्यातील बकरे आणि दारू यांच्या रूढीतून. म्हणजे व्यसन उंबरा ओलांडून आले ते धर्माच्याच वाटेने. धर्माच्या आधारे व्यसनमुक्ती, हा विषय आपण ज्या सहजपणे उच्चारतो, त्या सहजपणाला हा तपशील अडवतो.

नवऱ्यामागे सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे भावाच्या आश्रयाला गेल्या. सिंधूने नाकारलेले माहेर सखुबाईंनी पत्करले. पण माहेरचे छप्परही निर्वेध नव्हते. पुढे मामा सावकाराच्या कर्जात सापडले आणि डेबूजीने ज्या शेतात राबून बरकत आणली होती, ते शेत सावकाराच्या घशात गेले. दारू आणि कर्ज ही घर खाणारी दोन तोंडे त्यांनी अशी घरातच पाहिली. त्यांच्या पुढच्या कीर्तनांत हे दोन विषय सदैव जोडीने का येतात, याचे उत्तर या बालपणात आहे.

पहिला प्रयोगही त्यांनी घरातच केला. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटणाचे जेवण घालण्याची जातीची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाधोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण कर्ज काढून दारू पाजणे हीच जेथे प्रतिष्ठा होती, तेथे ते जातपंचायतीला दिलेले उघड आव्हान होते. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती गाडगे नि खराटा. दारूमुळे घर गमावलेल्या मुलाने प्रौढपणी स्वखुशीने बेघर व्हावे आणि उरलेले आयुष्य इतरांसाठी छपरे उभी करण्यात घालवावे, यातील संगती शोधायला मानसशास्त्राची फार गरज नाही.

त्यांच्या कार्याची दोन अंगे होती. पहिले कीर्तन. गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्या सहवासात होते, आणि त्यांच्यासारख्यांनी त्या कीर्तनाची शैली नोंदवून ठेवली आहे. वऱ्हाडी बोली, श्रोत्यांना प्रश्न, त्यांच्याच तोंडून उत्तर आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न. दारू वाईट आहे असे सांगणारे पुष्कळ होते. जोतीराव फुल्यांनी १८८० सालीच पुणे नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांना हरकत घेतली होती. गाडगेबाबांचे वेगळेपण असे, की ते पिणाऱ्याला पापी ठरवून थांबत नसत. ते घराचा जमाखर्च मांडत. पैसा कोठून आला, कोठे गेला, बायकोच्या अंगावर काय उरले, पोर शाळेत का नाही. पाप-पुण्याच्या भाषेत बोलावे अशी अपेक्षा असलेल्या कीर्तनकाराने हिशेबाच्या भाषेत बोलणे, हे मराठी कीर्तनपरंपरेतील मोठे वळण होते.

दुसरे अंग धर्मशाळा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई अशा अनेक ठिकाणी त्यांनी वर्गण्या जमवून धर्मशाळा उभ्या केल्या, सदावर्ते चालवली, आंधळ्या-पांगळ्यांना आणि कुष्ठरोग्यांना जेऊ घातले. पंढरपूरच्या वारीत अस्पृश्यांना इतर धर्मशाळांची दारे बंद होती, म्हणून चोखामेळ्याच्या नावाने स्वतंत्र धर्मशाळा बांधली गेली. छपरेसुद्धा जातवार बांधावी लागली, ही त्या काळाची मर्यादा येथे दिसते आणि ती झाकण्याचे कारण नाही. मात्र पुढे, १९४९ साली, हीच इमारत बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुक्कामाची जागा शिक्षणाची जागा व्हावी, ही त्यामागची दिशा होती. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी उभारलेली धर्मशाळा परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती. आजारी माणसाचे कुटुंबही निवाऱ्यास पात्र असते, हे तत्त्व त्यात अंतर्भूत आहे. या इमारतींवर त्यांनी स्वतःचा वा कुटुंबाचा हक्क सांगितला नाही.

येथवर आल्यावर थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. गाडगेबाबांची धर्मशाळा व्यसनमुक्तीचे घर नव्हती. ती वारकऱ्यासाठी, रुग्णासाठी, दोन-चार रात्रींच्या निवाऱ्यासाठी होती. कीर्तन ऐकून एखाद्याने गळ्यातली माळ हातात घेऊन दारू सोडल्याची शपथ घेतली, तरी पहाटे तो परत त्याच वस्तीत, त्याच गुत्त्याच्या वाटेवर जात असे. कीर्तन मन वळवी आणि धर्मशाळा अंग टेकू देई. या दोहोंच्या मधली जागा, जेथे वळलेले मन वर्षभर टिकून राहील नि कुटुंब शाबूत राहील, ती रिकामी राहिली.

ती जागा भरण्याचा एक प्रयत्न धर्माच्याच प्रेरणेने, पण अगदी वेगळ्या रीतीने झाला. लंडनमध्ये विल्यम बूथ यांनी १८६५ साली जे कार्य सुरू केले, त्यातून पुढे मुक्तिफौज उभी राहिली. १८९० साली त्यांनी ग्रंथरूपाने योजना मांडली, की दारू आणि दारिद्र्य यांनी ग्रासलेल्या बेघराला आधी शहरात आसरा, मग शेतीच्या वसाहतीत काम, आणि शेवटी दूरदेशी नवे जीवन अशा पायऱ्यांनी वर आणावे. टप्प्याटप्प्याने घराकडे नेण्याची कल्पना येथे प्रथमच इतकी रेखीव झाली. १८८२ पासून मुक्तिफौज भारतात होती. १९०८ पासून संयुक्त प्रांतात सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहती तिच्याकडे सोपवण्यात आल्या. मुंबई इलाख्यातही सोलापूर, बारामती, विजापूर, हुबळी, गदग येथे अशा वसाहती निघाल्या आणि त्यांतील काहींचा कारभार ख्रिस्ती मिशनांकडे गेला.

या वसाहतींत छप्पर होते, गिरणीत काम होते, शाळा होती, दारूला मज्जाव होता. आमच्या विषयाला लागणारे सर्व काही होते. फक्त बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. सोलापूरच्या वसाहतीभोवती तारेचे कुंपण होते आणि हजेरी चुकली तर शिक्षा होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते, त्यामुळे सुधारणा ही शिक्षेचेच दुसरे नाव झाले. या कायद्याचे जोखड १९५२ मध्ये उतरले. त्याचे ओझे पिढ्यांवर कसे राहिले हे समजून घ्यायचे, तर लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ पुन्हा वाचावे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) भटक्या कैकाड्यांचे आहे. त्यात घर या शब्दाचा अर्थ गाढवाच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाएवढा आहे.

याच संदर्भात कोल्हापूरचे स्मरण होते. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली, फासेपारध्यांना शिकारीच्या नि पहाऱ्याच्या कामांवर घेतले आणि त्यांच्या वस्तीची सोय केली. आधी विश्वास, मग सुधारणा, असा हा क्रम होता. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने निघालेली जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहेही आमच्या मते याच कुळातली आहेत. धर्म आणि जात यांच्या नावाने दार उघडायचे, पण आत शिरलेल्या मुलाला त्या नावाच्या पलीकडे न्यायचे. कुंभोजचे भाऊराव पाटील या वसतिगृहांच्या वातावरणात वाढले. त्यांनी पुढे रयत शिक्षण संस्था उभारली आणि गाडगेबाबांनी त्यांना पाठबळ दिले. कराडच्या महाविद्यालयाला १९५४ साली बाबांचे नाव मिळाले, हा योगायोग नव्हे.

म्हणजे श्रद्धेने बांधलेली छपरे दोन प्रकारची. एक कुंपणाचे, जेथे आधी सुधारा, मग माणूस म्हणवा. दुसरे उघड्या दाराचे, जेथे आधी जेवा, अंग टेका, मग ऐकावेसे वाटले तर ऐका. बाबांनी कोणाला स्वतःचा शिष्य होऊ दिले नाही, चमत्काराचा आधार घेतला नाही, नवसाला विरोध केला. त्यांची श्रद्धा आश्रिताकडून मोबदला मागत नव्हती. व्यसनी माणसाच्या बाबतीत हे महत्त्वाचे ठरते, कारण लाचारीतून घेतलेली शपथ लाचारी संपली की संपते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हातभट्ट्या मात्र चालूच राहिल्या. व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणला जाते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभारलेल्या या केंद्राला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा आधार होता. ते कोणत्या एका धर्माचे नाही, तरी सामूहिक प्रार्थनेचे, कबुलीचे, एकमेकांना सावरण्याचे बळ त्याने ओळखले. रुग्णांच्या पत्नींचाही स्वतंत्र विचार तेथे झाला. उपचार संपल्यावर माणूस घरी जातो. पण घरच उरले नसेल, पाल उठवले गेले असेल, बायको-मुले तिसऱ्याच गावी असतील, तर तो कोठे जातो? एकट्या पुरुषासाठी केंद्र आहे, निराधार स्त्रीसाठी आधारगृह आहे, मुलांसाठी बालगृह आहे. एकेका माणसासाठी दारे आहेत. तिघांनी मिळून शिरावे असे दार मात्र विरळा. निवारा देतानाच आपण कुटुंब मोडतो.

२० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचे वाटेतच, मोटारीत, अमरावतीनजीक निधन झाले. अखेरपर्यंत त्यांचे स्वतःचे घर नव्हते. त्यांच्या नावाने पुढे ग्रामस्वच्छतेचे अभियान आले, खराटा सरकारी भिंतींवर रंगला, आणि हे योग्यच झाले. परंतु त्यांच्या कार्यातील दारू आणि घर यांची सांधेजोड मागे पडली.

गांधीनगरच्या बाजारातून उचगावकडे येताना आम्हांला वळिवड्याची छावणी आठवते. परक्या देशाच्या पाच हजार माणसांना या मातीने पाच वर्षे सांभाळले. त्यांचे चर्च त्यांना दिले, त्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकू दिले आणि जायची वेळ आली तेव्हा जाऊ दिले. कुटुंबे एकत्र ठेवून, श्रद्धेला जागा देऊन, मुदतीचा निवारा कसा चालवावा, हे या परिसराला एकदा जमले होते. ‘एकच प्याला’ शिकवताना यापुढे आम्ही विद्यार्थ्यांना सिंधूच्या पातिव्रत्याआधी एक साधा प्रश्न विचारणार आहोत : त्या रात्री ती लेकराला आणि नवऱ्याला घेऊन कोठे जाऊ शकली असती? आणि मग, आज उचगावातून ती कोठे जाऊ शकेल?