जकातीच्या पोटची गाडी

डब्लिन आणि बेलफास्ट या दोन शहरांमध्ये खरेदीसाठी आगगाडीने सीमा ओलांडण्याची रूढी आयर्लंडमध्ये इतकी मुरली आहे, की तिला कुणी जन्म दिला हा प्रश्नच सहसा पडत नाही. पडलाच तर उत्तर तयार असतं: रेल्वेला प्रवासी हवे होते, लोकांना स्वस्त माल हवा होता, दोघांचं जमलं. नाताळच्या तोंडावर पिशव्यांनी भरलेले डबे पाहिले की ते पटतंही. पण या रूढीचं कूळ शोधत मागे गेलं, की रेल्वे आणि गिऱ्हाईक दोघेही नंतर आलेले दिसतात. मूळपुरुष निघतो सरकारी तिजोरी. एका बाजूच्या सरकारने एखादी वस्तू महाग केली, मोजूनमापून दिली किंवा पुरती बंद केली, की दुसऱ्या बाजूची गाडी भरते. गाडी कोणत्या दिशेने भरून जाते आणि पिशवीत काय घेऊन परतते, हे सांगितलं तर कोणत्या सरकारने काय केलं असेल ते बरंचसं ओळखता येतं.

यावर पहिली हरकत अशी, की सीमा नव्हती तेव्हाही लोक गाडीने खरेदीला जातच होते. खरंच आहे. ड्रॉइडाच्या बॉइन नदीवरचा पूल १८५५ साली पुरा झाला आणि दोन्ही शहरं रुळांनी सलग जोडली गेली. तेव्हा सगळं बेट एकाच राजमुकुटाखाली होतं, जकातही एकच होती. खेड्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून मोठ्या शहराला जावं तशी खरेदीची वाट होती. जिथे दुकानं मोठी आणि माल नाना तऱ्हेचा, तिथे माणसं जात. बेटाची फाळणी १९२१ मध्ये झाली आणि १ एप्रिल १९२३ रोजी नव्या आयरिश राज्याने सीमेवर जकात बसवली. तो दिवस ईस्टरचा रविवार होता आणि वर ‘एप्रिल फूल’चाही, पण थट्टा नव्हती. त्यानंतर खरेदीची वाट वळली. बेलफास्टसारख्या गजबजलेल्या औद्योगिक शहराची माणसं डंडॉकसारख्या मध्यम गावात उतरू लागली, आणि तीही नव्या तऱ्हेच्या कापडासाठी नव्हे, तर लोणी आणि साखरेसाठी. दुकानांच्या ओढीने हे उलटं वळण समजत नाही. ते समजतं करांच्या आणि रेशनच्या तक्त्यांवरून.

ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या गाड्यांची झडती सीमेच्या दक्षिणेला डंडॉकला आणि उत्तरेला गोराघवुडला होई. गोराघवुड म्हणजे न्युरीकडे फुटणाऱ्या फाट्याचं जंक्शन. स्टेशनाच्या मानाने भोवती वस्ती नावाला. दुसऱ्या महायुद्धात या दोन फलाटांना खरं महत्त्व आलं. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या बाजूने युद्धात होता, दक्षिण तटस्थ होती. ब्रिटिश रेशनवर माणशी आठवड्याचं लोणी बराच काळ जेमतेम ५०-६० ग्रॅम मिळे; दक्षिणेत गाईगुरं भरपूर, त्यामुळे लोण्याची तितकी ददात नव्हती. उलट चहा जहाजांतून येणार आणि जहाजं ब्रिटनच्या हातात, म्हणून दक्षिणेत चहाचं रेशन १९४१ मध्ये आठवड्याला अर्ध्या औंसावर, म्हणजे चौदा-पंधरा ग्रॅमवर आलं. गहू बाहेरून येईना, तेव्हा तिथला पावही कोंड्यासकट काळपट झाला. म्हणून एकाच मार्गावर लोणी उत्तरेला जाई आणि चहा व पांढरा पाव दक्षिणेला येई. सैल कोटाच्या आत बांधलेली लोण्याची पुडकी आणि पोटाशी धरलेले चहाचे पुडे यांच्या गोष्टी तिथे अजून सांगतात. जकातवाले संशयिताला मुद्दाम शेकोटीजवळ बसवून ठेवत आणि लोणी वितळायची वाट बघत, अशीही एक गोष्ट आहे. ती खरी असो वा रचलेली, तिच्यात कायद्यापुढे वितळतं ते लोणी, गिऱ्हाईक नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. सीमेवर लहानमोठे रस्ते शेकड्यांनी होते, त्यातले मोजकेच जकात खात्याने मान्य केलेले. चोरटा माल तर शेतातल्या वाटांनीच जास्त जाई. मग रेल्वेला एवढं महत्त्व का द्यायचं? युद्धात पेट्रोल नव्हतं, हे एक उत्तर. पण खरं उत्तर वेगळं आहे. मोटार आडवाटेला वळू शकते, गाडी रुळांवरून वळू शकत नाही. रेल्वे सगळ्या खरेदीदारांना एकाच वेळी, एकाच फलाटावर, एकाच तपासनिसापुढे उभं करते. त्यामुळे एरवी चोरटं आणि एकेकट्याचं राहिलं असतं ते सार्वजनिक झालं आणि त्याची रूढी बनली. रेल्वे कंपनीनेही हे ओळखलं. ११ ऑगस्ट १९४७ रोजी सुरू झालेली ‘एंटरप्राइझ’ ही गाडी मध्ये कुठेच थांबत नसे. झडती सीमेवरून उचलून डब्लिनच्या एमियन्स स्ट्रीट आणि बेलफास्टच्या ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीट या शेवटच्या स्टेशनांवर नेली होती. फाट्यावरचा खोळंबा टळला. ब्रिटनमध्ये मांसाचं रेशन १९५४ पर्यंत चाललं, त्यामुळे डब्लिनला जाऊन पोटभर जेवणं आणि चार वस्तू घेऊन परतणं हा उत्तरेकडच्यांचा ठरलेला बेत झाला. रेल्वेचं कर्तृत्व इथे मान्य करायला हवं, पण ते दाईचं, आईचं नाही.

याचा सर्वांत लखलखीत पुरावा २२ मे १९७१ चा आहे. दक्षिणेत १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधनं विकायला आणि आणायलाही बंदी होती; उत्तरेत ती उघड मिळत. आयरिश विमेन्स लिबरेशन मूव्हमेंटच्या सत्तेचाळीस बायका डब्लिनहून गाडीने बेलफास्टला गेल्या. नेल मॅकॅफर्टी आणि मेरी केनी या पत्रकार त्यांत होत्या. औषधाच्या दुकानात गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते असं कळलं, तेव्हा त्यांनी अ‍ॅस्पिरिनची पाकिटं घेतली. गोळी ती गोळी, जकातवाल्याला काय कळणार! कॉनोली स्टेशनवर, म्हणजे जुन्या एमियन्स स्ट्रीटवरच, त्यांनी माल लपवला नाही, उलट हातात धरून दाखवला, कुणी त्या गोळ्या तिथेच गिळल्या. फलाटापलीकडे माणसं ‘सोडा त्यांना’ म्हणून ओरडत होती. अधिकाऱ्यांनी सोडलं. अंमलबजावणी करायची तर कॅमेऱ्यांसमोर सत्तेचाळीस जणींना अडवावं लागणार होतं. आडवाटेच्या मोटारीतून हे जमलं नसतं. एकाच फलाटावर सगळ्यांना उभं करण्याची जी रेल्वेची अडचण, तीच इथे हत्यार ठरली. पुढे १९७३ मध्ये जकात खात्याने जप्त केलेल्या अशाच एका औषधावरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेरी मॅगी या विवाहितेच्या बाजूने निकाल दिला, आणि १९७९ मध्ये बंदी सैल झाली. त्याबरोबर या खरेदीफेरीचं कारणही विरत गेलं.

त्याच वर्षी दुसरं कारण जन्मलं. आयरिश पौंड स्टर्लिंगशी बरोबरीने बांधलेला होता. मार्च १९७९ मध्ये ती गाठ सुटली. पुढे दक्षिणेत विक्रीवरचा मुख्य कर २५ टक्क्यांवर गेला, उत्तरेत तो १५ टक्के होता. दारू, पेट्रोल, विजेची उपकरणं यांसाठी लोंढा उत्तरेला वळला. १९८७ मध्ये डब्लिन सरकारने नियम केला, की अठ्ठेचाळीस तासांच्या आत परतणाऱ्याला जकातमाफी नाही. हा नियम सरळ एका दिवसाच्या खरेदीफेरीच्या अंगावर घातलेला घाव होता, आणि युरोपीय न्यायालयाने १९९० मध्ये तो बेकायदा ठरवला. सरकार स्वतःच ज्या फेरीला नियमाने मारायला निघालं, ती रेल्वेच्या जाहिरातीतून जन्मली असं म्हणायला मग जागा राहत नाही.

आपल्याकडे या कुळाची एक धाकटी पाती आहे. ब्रिटिश आणि पोर्तुगीज मुलखांचा जकात करार १८९२ ला संपला आणि मुरगाव मार्गावर एका अंगाला कॅसलरॉक, दुसऱ्या अंगाला कुळें अशी झडतीची ठाणी उरली. मुंबई राज्यात दारूबंदी आणि गोव्यात विलायती माल मोकळा, ही तफावत १९५५ ला गाड्या बंद होईपर्यंत त्या घाटातून ये-जा करत होती. गाव, रूळ, डोंगर सगळं वेगळं, कारण तेच.

तिसरी हरकत माझ्या म्हणण्याला खरंच दुरुस्त करते. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकत्रित बाजारपेठ झाली, जकातीची झडती गेली. जकात ही आई, तर लेकरू का जगलं? कारण चौकी गेली तरी करांचे दर दोन्हीकडे आपापले राहिले. १ डिसेंबर २००८ ला ब्रिटनने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवर उतरवला आणि त्याच दिवशी आयर्लंडने तो साडेएकवीस केला; पौंडही घसरून जवळजवळ युरोइतका झाला होता. उत्तरेतल्या न्युरीच्या दुकानांपुढे दक्षिणेच्या मोटारींच्या रांगा लागल्या. आयर्लंडचे तेव्हाचे अर्थमंत्री ब्रायन लेनिहान यांनी हा देशाभिमानाचा प्रश्न केला. कर इथे भरला नाही तर शाळा-इस्पितळं कशी चालणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्या दिवशी स्वतःच दर वाढवला, त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला नीती शिकवणं जरा उशिराचंच. तेव्हा नेमकं सांगायचं तर या गाडीची आई जकातीची चौकी नाही, दोन तिजोऱ्यांतली तफावत आहे. चौकी फक्त तिची सर्वांत जुनी खूण.

हल्लीचं उदाहरण दारूचं. जानेवारी २०२२ पासून दक्षिणेत मद्यार्काच्या दर ग्रॅमला किमान दहा सेंट असा भाव कायद्याने ठरला, म्हणजे वाइनची साधी बाटलीही साडेसात युरोंच्या आसपास जाते. हेतू आरोग्याचा आहे आणि तो चांगलाच आहे. उत्तरेने तेव्हा असा कायदा केला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ‘एंटरप्राइझ’ तासातासाला धावू लागली आहे. तिच्यातून बाटल्या दक्षिणेला येत राहायच्या की नाहीत, हे वेळापत्रकापेक्षा बेलफास्टच्या विधानसभेवर जास्त अवलंबून आहे.